त्रेसष्टाव्या पानावरची ओल

पडद्यावर लाल पट्टी उमटली तशी सभागृहातल्या दीडशे पालकांमध्ये कुजबुज सुरू झाली, आणि वैजयंती देशमानेला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

"पान त्रेसष्ट," ती माइकमध्ये म्हणाली. "बाकीच्या पानांवर ताणाचा निर्देशांक दहा-बाराच्या आसपास आहे. इथे एक्केचाळीस. हे माझं मत नाही. हा आकडा आहे."

पहिल्या रांगेतून सुहास यादव उठले. कराडात त्यांचे दोन क्लास चालत आणि शाळेच्या पालक संघाचे ते तीन वर्षं अध्यक्ष होते. "आता बोला लोहारबाई! एक्केचाळीस! पोरांच्या हाती काय देतोय आपण, काही बघता की नाही?"

लोहारबाई व्यासपीठाच्या कडेला, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभ्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी शाळेचं वाचनालय सांभाळलं होतं. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

"बघते ना. एकवीस मुलांनी ते पुस्तक नेलं," त्या म्हणाल्या. "एकानंही अर्धवट परत आणलं नाही."

"तेच तर दुखणं आहे बाई!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सभागृह हसलं. वैजयंतीही हसली.

पुस्तकाचं नाव होतं 'रेवाची न पाठवलेली पत्रं'. तेरा वर्षांची रेवा आईला पंधरा पत्रं लिहिते आणि एकही देत नाही, एवढीच गोष्ट. यादवांचा राग चौथ्या पत्रावर होता, कारण त्यात रेवाला पहिल्यांदा पाळी येते. वैजयंतीला त्याचं काही नव्हतं, ती विज्ञानाची पदवीधर होती. तिचा आक्षेप वेगळा होता आणि पुस्तकं तपासायला नेमलेल्या पाच पालकांच्या समितीत, जिच्यात ती आणि यादव दोघंही होते, तो तिने लेखी दिला होता: ही मुलगी घरी खोटं सांगते आणि गोष्टीत तिला त्याबद्दल कोणीही जाब विचारत नाही.

ही वेळ यायचं मूळ कारण चांगलंच होतं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पडदे बंद करण्याचा कायदा येऊन आता चार वर्षं झाली होती. फोन गेले, टॅब गेले आणि शाळांची वाचनालयं पुन्हा भरली. पण पालकांची एक सोय त्याबरोबर गेली. फोनवर मूल काय बघतं, किती वेळ बघतं, कुठे थांबतं, हे आईबापांना कळायचं. कागद मात्र गप्प बसायचा.

त्याला बोलतं करायचं काम पुण्यातल्या काही तरुणांनी केलं. यंत्र दिसायला केस वाळवायच्या ड्रायरसारखं. पान उलटताना बोट बहुधा खालच्या उजव्या कोपऱ्याला लागतं आणि तिथे घामाचा अंश राहतो. त्या कोपऱ्यावर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची पातळ फीत ठेवायची आणि लेसरचा ठिपका पाडायचा. परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित बदललेला असतो आणि प्रत्येक रेणू तो आपापल्या पद्धतीने बदलतो. मूळचा क्षीण संकेत चांदीमुळे लाखो पटींनी वाढतो. वैजयंती ज्या दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करायची, तिथे दुधातला युरिया याच तत्त्वाने पकडत. पुस्तकांचं यंत्र कॉर्टिसॉल शोधायचं. भीती, संताप, धास्ती यांनी शरीरात वाढणारं हे द्रव्य. मिळालेल्या सगळ्या नोंदींवरून यंत्र शेवटी एकच आकडा द्यायचं. वीसच्या आत हिरवा, तीसच्या पुढे लाल.

शाळेने यंत्र मागवलं आणि ते चालवायला आयतीच रसायनतज्ज्ञ पालक मिळाली. पालकांनी आक्षेप घेतलेली चौदा पुस्तकं आणि कुणाचाच आक्षेप नसलेली तीस, अशी चव्वेचाळीस पुस्तकं वैजयंतीने तपासली. तीसच्या तीस हिरवी आली. चौदाच्या चौदा लाल.

"बघा," यादव टाळ्यांच्या कडकडाटात म्हणाले, "आईबापाला आधीच कळतं. मशीनला आत्ता कळलं!"

प्रयोगशाळेत इतका नीटनेटका निकाल आला असता, तर वैजयंतीने सगळे नमुने पुन्हा लावले असते. त्या दिवशी तिने माइक यादवांच्या हाती दिला आणि पाणी प्यायली.

चौदा पुस्तकं कुलपात गेली. महिन्याभराने शेवटच्या सभेत ठराव होऊन ती लगद्याला जाणार होती. लोहारबाईंना मुख्याध्यापक जगताप सरांनी कार्यालयात बोनाफाईड दाखल्यांवर शिक्के मारायला बसवलं आणि त्यांच्याकडून माफीपत्र लिहून घेतलं. ते पालकांसमोर वाचायचं ठरलं तेव्हा बाईंचा आवाज बसला होता, म्हणून ते वैजयंतीने वाचलं. "माझ्या निष्काळजीपणामुळे विद्यार्थ्यांना मानसिक त्रास झाला, याबद्दल मी दिलगीर आहे." तिने ते न अडखळता, स्वच्छ वाचलं.

*

'रेवाची न पाठवलेली पत्रं' नेणाऱ्या एकवीस मुलांत एक तिची स्वतःची मुलगी होती. शाल्मली, आठवी ब.

"त्रेसष्टाव्या पानावर तुला काय झालं?" वैजयंतीने पहिल्या सभेच्या संध्याकाळी विचारलं होतं. नवरा पुण्याला नोकरीला. आठवडाभर घरात त्या दोघीच.

"कुठलं त्रेसष्टावं?"

"नववं पत्र."

शाल्मलीने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून ठेवला. "काही नाही झालं."

"काही झाल्याशिवाय एक्केचाळीस येत नाही."

"मग दुसऱ्या कुणाला तरी झालं असेल. मला आवडलं ते पत्र."

"शाल्मली, आकडा खोटं बोलत नाही."

"म्हणजे मी बोलते?"

वैजयंतीने आमटी वाढायला पळी उचलली, आणि ते उत्तरच झालं. शाल्मलीने ताट उचललं. "मग मशीनलाच विचार ना, मला कशाला विचारतेस?"

नवव्या पत्राची पहिली ओळ वैजयंतीला पाठ होती. 'आई, तू घरी नसलीस की घर मोठं होतं.' पुढे रेवाने लिहिलं होतं की आई आली की ती दप्तर नीट ठेवते, आवाज नीट ठेवते, चेहरासुद्धा नीट ठेवते, आणि आई ड्यूटीवर गेली की सगळं खाली टाकून आडवी पडते. वैजयंतीने समितीत सांगितलं होतं की हे पुस्तक तिने वरवर चाळलं आहे.

दुसऱ्या आठवड्यात तिने शाल्मलीला शाळेच्या समुपदेशकाकडे नेलं. मुलगी मोकळी होत नाही, असं तिने अर्जात लिहिलं. शाल्मली तिथे अर्धा तास खिडकीबाहेर बघत बसली आणि परत येताना स्कूटरवर दोघींच्या मध्ये दप्तर ठेवून बसली.

*

शनिवारी शाळा अर्धा दिवस. शाल्मली घरी जाताना दूध संघात थांबली, कारण किल्ली आईकडे होती. वैजयंती नमुन्यांच्या रजिस्टरवर सह्या करत होती. सही करायची, बोट जिभेला लावायचं, पान उलटायचं. पुन्हा सही.

"ई, आई! थुंकी काय लावतेस? बाई बघतील तर रजिस्टर काढून घेतील."

"कोण बाई?"

"लोहारबाई. वाचनालयात टेबलावर वाटीत ओला स्पंज असतो ना, पोस्टात तिकिटं ओली करायला असतो तसा. पान उलटायचं तर बोट स्पंजाला. तोंडात गेलं की पुस्तक जप्त." शाल्मली पहिल्यांदाच त्या आठवड्यात सलग तीन वाक्यं बोलली होती. "कार्ड देतानाच शपथ घालतात. घरीसुद्धा थुंकी लावायची नाही म्हणून."

"आणि तुम्ही पाळता?"

"सवयच लागते. आता तर कुणी लावताना दिसलं तरी मला कसंतरी होतं."

वैजयंतीचं बोट ओठांशी थांबलं होतं. तिने ते खाली घेतलं आणि शाल्मलीला किल्ली दिली. "तू हो पुढे. मला थोडं काम आहे."

यंत्र तिच्याच कपाटात होतं. गेला महिनाभर तिने त्यातून फक्त निर्देशांक वाचला होता. आकड्यामागे मूळ वर्णपट असतो, शिखरांची वेडीवाकडी रेघ, आणि दुधाच्या बाबतीत तो उघडून बघितल्याशिवाय ती कोणत्याही गवळ्याला दोषी धरत नसे. आता तिने त्रेसष्टाव्या पानाचा वर्णपट पहिल्यांदा उघडला.

सगळ्यात उंच शिखराच्या शेजारी अमायलेजची खूण होती. पिष्ट पचवणारं विकर. भाकरी चावता चावता गोड लागते ती त्याच्यामुळे. ते बोटाच्या घामात नसतं, तोंडात असतं.

ती स्टुलावर बसली. बोटाच्या टोकाच्या घामात कॉर्टिसॉल नावापुरतं, लाळेत त्या मानाने कितीतरी. पुण्यातल्या तरुणांनी यंत्र बनवताना कोरड्या बोटांनी पानं उलटून घेतली असणार. बोट जिभेला लावून पान उलटणारी माणसं त्यांच्या हिशेबातच नव्हती. शाळेतली मुलं थुंकी लावत नव्हती. मग लाळ कोणाची?

चौदा पुस्तकं. समितीच्या पाच पालकांनी ती दोन महिने आळीपाळीने घरी नेली होती, आक्षेपार्ह मजकूर हुडकायला. उरलेली तीस कोणी उघडलीच नव्हती. तिने बाकीच्या तेरा पुस्तकांचे वर्णपटही उघडले; सगळ्यांत अमायलेज होतं.

त्रेसष्टाव्या पानाच्या वर्णपटात उजवीकडे आणखी एक शिखर होतं. यंत्राने त्यापुढे लिहिलं होतं: अनोळखी. पहिल्या दिवशी त्याच्याकडे तिचं लक्ष गेलं नव्हतं, असं ती स्वतःला आत्ता सांगू बघत होती. लक्ष गेलं होतं. निर्देशांकावर परिणाम नाही म्हणून तिने सोडून दिलं होतं. तिने संघाच्या संदर्भयादीत ते शिखर शोधलं. युजेनॉल. लवंगेत असतं.

पुस्तक तिच्या घरी होतं त्या ऑक्टोबरात तिची दाढ दुखत होती. पंधरा दिवस ती गालात लवंग धरून फिरत होती.

तरीही तिने प्रयोग केला, कारण तो आधी करायला हवा होता. नव्या वहीचं कोरं पान घेतलं, त्याचा वर्णपट काढला. हा कोरा नमुना. कोऱ्या नमुन्याशिवाय चाचणी लावली म्हणून तिने गेल्या वर्षी एका ज्युनियरला सगळ्यांसमोर झापलं होतं. मग कँटीनमधून दोन लवंगा मागवल्या, दहा मिनिटं गालात ठेवल्या, बोट जिभेला लावून ते पानाच्या कोपऱ्यावर टेकवलं आणि वाळू दिलं.

दोन रेघा एकमेकींवर बसल्या. लवंग, अमायलेज, सगळं. फरक फक्त कॉर्टिसॉलच्या उंचीत होता. आजचं शिखर ठेंगणं होतं. त्रेसष्टाव्या पानावरचं मात्र दूध संघाच्या धुराड्याएवढं.

तिला आणखी एक गोष्ट माहीत होती आणि ती माहीत नसती तर बरं झालं असतं. मनाला धक्का बसला की कॉर्टिसॉल लगेच लाळेत दिसत नाही. वाढायला वीसेक मिनिटं लागतात. म्हणजे ती त्या पानाशी किमान वीस मिनिटं होती. पुढे जायची, पान मागे घ्यायची, पुन्हा तीच ओळ, पुन्हा बोट जिभेला. वरवर चाळलं म्हणे. गॅसवरचा चहा आटून भांडं काळं झालं होतं त्या दिवशी, आणि शाल्मली क्लासहून आल्यावर म्हणाली होती, "कसला वास येतोय गं?" तेव्हा वैजयंतीने पुस्तक उशीखाली सारलं होतं.

लाळेचा थर गणिताने वजा करता येत होता. तिने तो केला. खाली एकवीस मुलांच्या कोवळ्या बोटांच्या खुणा उरल्या. निर्देशांक नऊ. काही बोटं त्या पानाशी बराच वेळ रेंगाळली होती, पण शांत होती.

पडद्यावर एक चौकोन उघडला: 'वाचकाचा नमुना दिल्यास व्यक्तिगत खूण वेगळी करता येईल.' शाल्मली जाताना आपली पाण्याची बाटली टेबलावर विसरली होती. वैजयंतीने बाटलीकडे पाहिलं. हात पुढे गेलासुद्धा. मग तिने यंत्राची वायर भिंतीतूनच उपटली.

*

"तांत्रिक बिघाड म्हणू," जगताप सर म्हणाले. सभेला दहा मिनिटं होती. "चांदीच्या फितीची बॅच खराब होती, असं काहीतरी. पुस्तकं परत कपाटात, विषय संपला. तुमची शोभा कशाला मॅडम?"

पर्याय सोपा होता. तशा आशयाचा मेल तिने रात्रीच लिहून ठेवला होता, 'काही तांत्रिक कारणांमुळे' असा सुरू होणारा. पाठवायचं बटण तेवढं बाकी होतं. बॅच खराब होती म्हटलं की लोहारबाईंचं माफीपत्र फायलीत तसंच राहणार होतं, त्रास झालाच नव्हता हे कोणी म्हणणार नव्हतं. आणि शाल्मली खोटं बोलली, हेही तसंच राहणार होतं.

सभागृहात आज जास्त गर्दी होती. ठराव होता म्हणून आठवीपासूनच्या मुलांनाही मागे बसवलं होतं. लोहारबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर शिक्क्याचं पॅड.

"त्रेसष्टाव्या पानावरची खूण घामाची नाही," वैजयंती म्हणाली. माइकमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. "ती थुंकी आहे. बोट जिभेला लावून पान उलटतो ना आपण, ती. आणि ती माझी आहे."

कोणीतरी हसलं. मग थांबलं.

"मुलं थुंकी लावत नाहीत. बाई लावू देत नाहीत. पुस्तक मी घरी नेलं होतं. त्या पानाशी वीस मिनिटं मी बसले होते. त्रास मला झाला. मुलांचा आकडा नऊ आहे. हिरवा." तिने कागद हातात धरला होता, पण वाचत नव्हती. "मी तुम्हाला सांगितलं की रेवा खोटं बोलते म्हणून मला पुस्तक नको. ते खरं नव्हतं. त्या पानावर ती लिहिते, आई, तू घरी नसलीस की घर मोठं होतं. ते मला माझ्या मुलीनं लिहिल्यासारखं वाटलं. म्हणून नको होतं."

मागच्या रांगांकडे तिने पाहिलं नाही. तिच्याने पाहवलंच नाही.

"एक मिनिट मॅडम," यादव उभे राहिले. "गेल्या महिन्यात तुम्हीच छाती ठोकून सांगितलंत आकडा आहे म्हणून. आज म्हणताय नाही. म्हणजे थुंकलेलं चाटताय?"

"हो," वैजयंती म्हणाली. "अगदी अक्षरशः."

आता मात्र सभागृह खदखदून हसलं. ते हसणं तिच्या अंगावरून जाईपर्यंत ती माइक धरून उभी राहिली. कान तापले होते. चाळीस वर्षांच्या आयुष्यात इतक्या लोकांसमोर ती एवढी लहान कधी झाली नव्हती.

"आणि बाकीची तेरा?" यादवांनी आवाज चढवला. "त्यांचं काय?"

"तीही तशीच आहेत. लाळ कोणाची ते मी सांगणार नाही. पाच पुस्तकांवर तंबाखू-चुन्याच्या खुणा आहेत, एवढंच सांगते. आठवीच्या मुलांच्या नसाव्यात."

यादवांचा हात नकळत शर्टाच्या खिशाकडे गेला, आणि तिथूनच मागे फिरला. ते बसले. क्लासमध्ये सुपारीसुद्धा चालत नाही, अशी त्यांची पाटी गावात प्रसिद्ध होती.

ठराव बारगळला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक उठले, चपला शोधू लागले.

*

सोमवारी वाचनालय उघडलं तेव्हा वैजयंती दारात उभी होती. लोहारबाई कपाटातून चौदा पुस्तकं काढून एकेक फडक्याने पुसत होत्या, कोपरे जरा जास्तच.

"बाई, मी..."

"माझं माफीपत्र तुम्हीच वाचलंत ना?" बाईंनी मान वर केली नाही. "मी ऐकत होते. चांगलं वाचलंत. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द गेला."

"मी सरांना सांगितलंय ते फायलीतून काढायला."

"काढतील. फाइल काय, रिकामी होते." त्यांनी पुढचं पुस्तक घेतलं. "दीडशे माणसांच्या कानांतून कसं काढणार?"

  वैजयंती उभीच राहिली तशी बाईंनी शेवटी विचारलं, "वाचायचं आहे का काही?"

"रेवाचं. नीट वाचायचं आहे."

"इथे बसून वाचा. घरी मिळणार नाही."

मुलांच्या मापाच्या बाकावर तिचे गुडघे टेबलाला लागत होते. तिने पहिल्या पत्रापासून सुरुवात केली. मधली सुट्टी झाली, मुलं आली, तिच्याकडे बघून एकमेकांना कोपराने ढोसू लागली. एकाने बोट जिभेला लावल्याची नक्कल केली आणि दुसरी फिस्सकन हसली. वैजयंतीने ऐकलं आणि पुढचं पान वाचलं.

शाल्मली आली. दारात क्षणभर थांबली. शेजारची जागा रिकामी होती, पण ती टेबलाला वळसा घालून समोरच्या बाजूला बसली आणि आपलं पुस्तक उघडलं. 

नववं पत्र आलं. वैजयंतीने ते सावकाश वाचलं, शेवटपर्यंत. गेल्या वेळी ती पहिल्या ओळीशीच अडकली होती. शेवटी रेवाने लिहिलं होतं: 'हे तुला कधीतरी सांगता आलं, तर तू घरी असतानाही घर मोठं होईल.'

पान उलटायला तिचं बोट आपोआप वर गेलं, ओठांपर्यंत.

शाल्मलीने आपल्या पुस्तकातून डोकं वर न काढता स्पंजाची वाटी तिच्याकडे सरकवली.